दहाव्याला काय म्हणायचं

पोरांनो, घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी कुणाला गाण्याचं सुचत नाही आणि सुचायलाही नको. डॉक्टरांचा दाखला, गावोगावचे फोन, लांबून निघालेल्यांची वाट पाहणं यातच दिवस सरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, कुणीतरी विषय काढतं, "दहाव्याला भजन सांगायचं ना?" मग जे मंडळ मोकळं असेल ते येतं, मंडपवाल्याकडे जो स्पीकर असेल तो लागतो, आणि गेलेल्या माणसाशी काही देणंघेणं नसलेलं गाणं त्या अंगणात वाजत राहतं. वाई-साताऱ्याकडे मी शाळेत संगीत शिकवलं आणि महिला भजनी मंडळात जन्मभर पेटी धरली. दहावे, तेरावे, वर्षश्राद्धं, शोकसभा, सगळीकडे बसले. त्यातून जे कळलं ते तुमच्या कानावर घालून ठेवते.

पहिली गोष्ट, आणि बाकी सगळं विसरलात तरी ही विसरू नका. गाणं निवडायचं ते सगळ्यांनी मिळून म्हणायला, ऐकवायला नव्हे. स्पीकरवर कितीही गोड आवाज लागला तरी जो तो आपापल्या जागी एकटाच बसून राहतो. तेच चाळीस-पन्नास माणसं एका सुरात विठ्ठलाचं नाव घेऊ लागली की ज्याचा आवाज फुटत नाही त्याला शेजारच्याचा आवाज पुरतो. रडू आलं म्हणून कुणाला उठून आत जावं लागत नाही. भेटायला येणाऱ्यांचा चहा करता करता जिला मान वर काढायला मिळालेली नसते ती घरची सूनही तेवढा वेळ सगळ्यांत येऊन बसते. म्हणून कुठलंही गाणं सुचलं की आधी विचारा, हे इथे बसणाऱ्यांना पाठ आहे का? आमच्याकडच्या घरांतून हरिपाठ, करुणाष्टकं, मनाचे श्लोक, तुकोबांचे ठरावीक अभंग आणि पसायदान एवढं जुन्या पिढीला येतंच, नव्यांनाही ऐकून ऐकून धरता येतं. तेवढं पुष्कळ झालं. नवी चाल बसवायची ही वेळ नाही.

करुणाष्टकांबद्दल जरा जास्त बोलते, कारण हल्ली ती मागे पडली आहेत. समर्थांची ही अष्टकं आमच्या बाजूला, सज्जनगडाच्या आसपास, घरोघरी संध्याकाळी म्हटली जायची. कडवी छोटी, चाल सरळ, सूर मोजके, वाद्य नसलं तरी अडत नाही. मुख्य म्हणजे त्यात कुणी कुणाला उपदेश करत नाही; म्हणणारा देवापुढे स्वतःचं दुबळेपण बोलून दाखवतो. नुकतंच माणूस गेलेल्या घरात उपदेश ऐकून घेण्याचं बळ नसतं. "आत्मा अमर आहे" हे वाक्य खरं असेल, पण पाचव्या दिवशी ते विधवेच्या कानाला टोचतं. रोज दिवेलागणीला दोन अष्टकं आणि थोडं नामस्मरण एवढंच दहा दिवस ठेवलं, तर दिवसाला एक धरून ठेवायची वेळ मिळते. सुतकात देवपूजा बंद म्हणून भजनही चालत नाही, असं काही घरांत मानतात. वारकरी मात्र नाम घ्यायला सोयरसुतक धरत नाहीत. तुमच्या घरचे वडीलधारे काय मानतात ते विचारून घ्या आणि त्या दिवसांत त्यावरून वाद घालू नका.

माळकरी माणूस गेलं तर त्याला टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात. त्यासाठी मंडळाला निरोप वेळेत जायला हवा, आणि म्हणणाऱ्यांची लय खांदेकऱ्यांच्या पावलाशी जुळायला हवी. वाजवणारे जोशात येऊन पुढे निघून जातात आणि खांदेकरी मागे धापा टाकतात, असं होऊ देऊ नका. काही गावांत पिकल्या वयाच्या माणसाला हलगी वाजवत नेतात. एक लक्षात ठेवा, मयताचा सांगावा पोचवायचं आणि वाजवायचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक समाजांच्या गळ्यात बांधलेलं होतं. ते सक्तीचं होतं. आज कुणी राजीखुशीनं आलं तरच बोलवा आणि बिदागी मागायला लावू नका. स्मशानात फार काही करू नका. शहरातल्या दाहिनीत तुमच्या मागे दुसऱ्या घरची माणसं थांबलेली असतात. तिथं स्पीकर नको, पेटीही नको. एक नामघोष किंवा एक अभंग, तोही तोंडानं.

दशक्रियेचं चित्र वेगळं असतं. पुणे, नगर, नाशिक, सातारा, सगळीकडे सकाळी घाटावर प्रवचन असतं, समोर दोनशे-चारशे माणूस बसतं, आणि प्रवचन संपलं की श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. एकामागून एक पुढारी उठतात. त्यात गेलेल्या माणसाविषयी कमी आणि जमलेल्या मान्यवरांविषयी जास्त बोललं जातं. सूत्रसंचालन करणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की भाषणं दोनच, एक घरच्यांपैकी आणि एक गावातलं. उरलेली दहा मिनिटं भजनाला द्या. कीर्तनकार किंवा प्रवचनकार निवडताना नाव किती मोठं आहे ते बघू नका. टाळ्या आणि हशा मिळवणारे महाराज लग्नसराईत किंवा जत्रेत शोभतात. एका घाटावर मी असं ऐकलं की महाराज सासू-सुनेचे विनोद सांगत होते, मंडपात खसखस पिकली होती, आणि पुढच्या रांगेत मुलगा गेलेली आई बसली होती. महाराजांना फोन करताना वय काय होतं, कशानं गेले, मागे कोण आहे, एवढं नीट सांगा. अभंग कुठला घेणार ते विचारा. विचारण्यात काही गैर नाही, चांगला कीर्तनकार उलट स्वतःच विचारतो. मानधनही आधीच बोलून घ्या. तेराव्या दिवशी पैशावरून घासाघीस होणं फार वाईट दिसतं.

आता शब्दांकडे येते. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चाल करुण आहे म्हणून गाणं लावतात आणि शब्द कुणी शेवटपर्यंत वाचलेलेच नसतात. कुठलंही गाणं ठरवण्याआधी ते कागदावर उतरवून पूर्ण वाचा, आणि वाचताना घरातल्या सगळ्यात दुखावलेल्या माणसाच्या कानांनी वाचा.

उदाहरणं देते. तुकोबांचे निर्याणाचे अभंग आहेत. ते समाधानानं निरोप घेणाऱ्याचे अभंग आहेत. जाणारा हात जोडून सगळ्यांना कृपा असू द्या म्हणतो आणि आनंदानं निघतो. नव्वदीच्या आजोबांना, नातवंडं-पतवंडं बघून गेलेल्या आजीला ते किती शोभतात! त्या घरात ते म्हटले की लोक रडता रडता हसतात. तेच अभंग तीस वर्षांच्या मुलाच्या दहाव्याला म्हटले तर त्याच्या बायकोला काय वाटेल? तो काही आनंदानं निघालेला नव्हता.

भा. रा. तांबे यांच्या कविता वसंत प्रभूंच्या चालीत आणि लताबाईंच्या आवाजात घराघरांत पोचल्या. त्यातली नववधूची कविता लग्नाची समजून लग्नात वाजवतात. खरं तर मृत्यूला भेटायला निघालेल्या जिवाची ती घालमेल आहे, आणि जाणत्या घरात स्मरणाच्या कार्यक्रमाला ती सुंदर बसते. दुसरी कविता आहे, माणूस गेल्यावर जग क्षणभर हळहळतं आणि पुन्हा आपल्या कामाला लागतं, असं सांगणारी. कविता म्हणून मोठीच. पण तेराव्याला, जेवणाची ताटं मांडली जात असताना ती लागली, तर आलेला प्रत्येक पाहुणा चोरट्यासारखा होतो आणि घरच्यांना खरंच एकटं पाडल्यासारखं वाटतं. वर्षश्राद्धानंतर, दुःख थोडं बसल्यावर, ती ऐकायला हरकत नाही. सुरेश भटांची सरणावरची प्रसिद्ध गझल तर मी शोकसभेत लावूच देत नाही. मरणानं आपली सुटका केली, जगण्यानंच छळलं होतं, असा तिचा भाव आहे. आजारात वर्षभर सेवा केलेल्या बायकोपुढे किंवा सुनेपुढे ती वाजवणं म्हणजे त्यांच्या तोंडावर बोलल्यासारखं आहे. गाणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं, पण ऐकणारीला ते तसंच लागतं.

गीतरामायणातलं रामानं भरताची समजूत घालणारं गीत शोकसभांतून फार म्हटलं जातं. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचा आवाज. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ही ५६ गीतं गेली, आणि त्यातलं हे एक लोकांनी मृत्यूच्या प्रसंगासाठी आपलंसं करून टाकलं. ते कुठे चपखल बसतं ते सांगते. माणूस अचानक गेलं की घरात एकमेकांना दोष देणं सुरू होतं. आधीच दवाखान्यात न्यायला हवं होतं, त्या डॉक्टरकडे का गेलात, गाडी त्यालाच चालवायला का दिली, रात्री फोन का उचलला नाही. तोंडानं कुणी बोलत नसलं तरी प्रत्येकाच्या मनात ते असतं. भरत असाच स्वतःला आणि आईला दोष देत चित्रकूटावर आलेला असतो, आणि राम त्याला सांगतो की यात तुझा दोष नाही, आईचाही नाही. असल्या घरात हे गीत म्हणा, आणि म्हणण्याआधी प्रसंग दोन वाक्यांत सांगा, म्हणजे ज्याला ऐकायला हवं त्याला ते पोचतं. कडवी बरीच आहेत. सगळी घेऊ नका. चार-पाच निवडा आणि ती कोण म्हणणार ते ठरवून ठेवा.

पसायदान मी कुठल्याही घरात निःशंक सुचवते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या या नऊ ओव्यांत मृत्यूचा उल्लेख नाही, स्वतःसाठी मागणं नाही, साऱ्या जगासाठी आहे. आस्तिक-नास्तिक, शहरातले-गावातले, सगळे ते म्हणू शकतात. फक्त लताबाईंच्या ध्वनिमुद्रिकेतली चाल धरू नका. ती उंच जाते, आणि रडून बसलेला गळा तिथे पोचत नाही. शाळेत प्रार्थनेला म्हणतात ती साधी चाल घ्या.

नामदेवरायांनी ज्ञानेश्वरांच्या समाधीवर अभंग लिहिले आहेत. माउली १२९६ साली आळंदीला समाधिस्थ झाले, कार्तिक वद्य त्रयोदशीला, ऐन विशीत. आणि मागे राहिलेल्या निवृत्तिनाथांचा शोक नामदेवांनी शब्दांत धरून ठेवला. थोरल्या भावानं धाकट्याला निरोप देणं, गुरूनं शिष्याला निरोप देणं, दोन्ही दुःखं त्यात एकत्र आहेत. मराठीत शोकाचं याहून खरं काव्य मी वाचलेलं नाही. ज्याच्या घरातून धाकटं माणूस गेलं आहे त्यानं ते एकट्यानं, सवडीनं वाचावेत. निवृत्तिनाथांसारख्या ज्ञानी माणसालाही आवरलं नाही, हे कळलं की आपल्यालाच काय ते सोसता येत नाही ही लाज कमी होते. पण दहाव्याच्या गर्दीत ते मोठ्यानं म्हणू नका. आईला ते सोसवणार नाहीत.

अकाली गेलेल्या माणसाबद्दलच आणखी सांगते, कारण तिथे सगळेच गोंधळतात. मूल गेलं, तरुण पोर अपघातात गेला, कुणी जीव दिला. अशा घरात अर्थ सांगणारं काहीही म्हणू नका. देवाची मर्जी, नशिबाचा खेळ, देह म्हणजे मातीचं मडकं, यातलं एकही गाणं नको. तिथे अर्थ सापडलेला नसतो, आणि बाहेरच्यानं तो गाण्यातून आणून द्यायचाही नसतो. फक्त नाम घ्या. रामकृष्णहरी, विठ्ठल विठ्ठल, ज्याचं जे असेल ते, संथ लयीत. मध्ये थांबलात तरी चालेल. गप्प बसलात तरी चालेल. जीव दिलेल्या माणसाच्या घरी पुष्कळदा भजनच ठेवत नाहीत, माणसंही कमी येतात. आपण मुद्दाम जावं आणि नेहमीच्या माणसासाठी म्हटलं असतं तेच सगळं तिथे म्हणावं. आपल्या मंडळानं हा नेम कधी मोडू नये.

बाईमाणूस गेलं तर जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई यांचे अभंग आठवा. जन्मभर दळण-कांडण, शेत, गोठा करून गेलेल्या बाईच्या दहाव्याला जनाबाईंचा अभंग लागला की बायका पदर डोळ्याला लावतात, कारण त्यात त्यांचाच दिवस सांगितलेला असतो. गेलेल्या बाईला जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर तिच्या मुली-नाती-भाचींपैकी ज्यांना त्या आठवतात त्यांनी दोन-चार म्हणाव्यात, वाद्याशिवाय, तिच्याच चालीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या म्हणून त्या उरल्या. तुमच्या आजीच्या ओव्या गोळा करायला बाहेरून कुणी येणार नाही. तिच्या जवळ फोन ठेवा आणि आजच घ्या.

आता सूर-तालाचं. भजनी मंडळं सूर उंच लावतात, पांढरी चारपर्यंत जातात. देवळात आवाज चढला की रंग भरतो. शोकाच्या घरी नेहमीपेक्षा दीड-दोन सूर खाली या. रडलेला गळा वरच्या षड्जाला फाटतो, आणि एकाचा फाटला की सगळे गप्प होतात. पेटी धरणाऱ्यानं पहिली ओळ वाजवून दाखवावी, मग घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे बघावं. तिला सूर लागला तर सगळ्यांना लागेल. ठेका भजनीच ठेवा, साधा आठ मात्रांचा. पण द्रुत लयीत चढत जाणं, तिहाया, टाळांचा कडकडाट वर्षश्राद्धापर्यंत राखून ठेवा. पखवाजवाला तरुण असेल तर त्याला आधी बाजूला घेऊन सांगा, नाहीतर हात आवरत नाही. मैफलीचा शेवट भैरवीनं होतो म्हणून शोकसभेत सगळीच गाणी भैरवीत घ्यायची असं नाही. सलग तासभर भैरवी आणि जोगिया ऐकून माणूस खचतो. मध्ये एखादं भूपातलं, यमनातलं असू द्या. रात्रीचा जागर करणार असाल तर दहानंतर ध्वनिवर्धक बंद. कायद्यानं रात्री दहा ते सकाळी सहा तो लावता येत नाही, आणि कायदा नसता तरी शेजारी आजारी माणूस असतं, परीक्षेचं पोर असतं. जागराला तसाही माईक लागत नाही.

रेकॉर्ड लावायचीच असेल, विशेषतः सभागृहातल्या शोकसभेत, तर तयारी नीट करा. गाणं यूट्यूबवरून थेट लावू नका. मध्येच जाहिरात येते, आणि दोन मिनिटं मौन पाळून बसलेल्या लोकांपुढे साबण विकायला लागते. हे मी सभागृहात घडलेलं पाहिलं आहे. गाणं आधी फोनमध्ये उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका, ब्लूटूथच्या भरवशावर न राहता वायर लावा, आणि सभेच्या अर्धा तास आधी शेवटच्या रांगेत जाऊन आवाज ऐकून या. गाणं कुठून सुरू करायचं आणि कुठे हळूहळू उतरवायचं ते एका माणसाकडेच सोपवा, आणि तो माणूस घरचा नसावा. घरच्यांना त्या दिवशी बटणं दाबायला लावू नका. फोटोंची चित्रफीत दाखवणार असाल तर तिच्यामागे रडकं संगीत लावायची काही गरज नाही. फोटो पुरेसे बोलतात. गेलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज, गाण्याचा नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या निरोपाचा, ऐकवायचा असेल तर आधी त्याच्या बायकोला किंवा आईला एकटीला ऐकवा आणि विचारा. सगळ्यांसमोर तो आवाज अचानक कानावर येणं फार जड जातं. तेराव्याला नकोच, वर्षश्राद्धाला बघा. पण ते निरोप फोनमधून काढून दोन ठिकाणी जपून ठेवण्याचं काम मात्र पहिल्याच आठवड्यात करा, कारण पुढे फोन बदलतात, नंबर बंद होतात.

आवडत्या गाण्याचा प्रश्न नेहमी येतो. "बाबांना लावणी आवडायची", "आईला किशोरकुमार फार आवडायचा". मग शोकसभेत लावायचं का? माझं उत्तर, जरूर लावा, पण शेवटी, आणि लावण्याआधी घरच्या एकानं त्याची गोष्ट सांगावी. बाबा ट्रकवर होते, रात्री घाट चढताना हीच कॅसेट लावायचे, एवढं सांगितलं की लावणीसुद्धा त्या सभेत आदरानं ऐकली जाते. न सांगता लावली तर मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. नाटकवेडा माणूस असेल तर एखादं नाट्यपद घ्या, पण पूर्ण ताना-पलट्यांसकट नको. कुमार गंधर्वांची कबीराची निर्गुणी भजनं ज्यांच्या घरात ऐकली जात, त्यांनी ती त्यांच्याच आवाजात लावावीत. आपण गटानं म्हणायला जाऊ नये, ती एकट्यानं गाण्याची वस्तू आहे. नातवंडांपैकी कुणी तबला, पेटी, बासरी शिकत असेल तर त्याला एक छोटी गोष्ट वाजवू द्या. सभेच्या सुरुवातीलाच सांगून टाका की टाळ्या वाजवायच्या नाहीत. नाहीतर पोरगं वाजवून थांबतं, निम्मे लोक टाळ्या वाजवतात, निम्मे त्यांच्याकडे बघतात.

दुसऱ्यांच्या घरी गेलात तर त्यांचं जे असेल त्यात मिसळा. बौद्ध घरात त्रिशरण, पंचशील होतं, पुण्यानुमोदनाच्या किंवा जलदानाच्या कार्यक्रमाला वामनदादा कर्डकांची आणि त्यांच्या परंपरेतली गीतं म्हटली जातात. तिथे आपण अभंग सुचवायचा नाही, उभं राहून पंचशील म्हणायचं. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या माणसांकडे सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन असतं. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरात रेव्हरंड टिळकांची भजनं ऐकलीत तर चकित व्हाल, चाल-वळण पार अभंगाचं आहे. गोव्यात आणि वसईला मिस्सेतली गीतं चर्चच्या शिस्तीनं ठरतात. सिनेमातलं आवडतं गाणं तिथे चालत नाही, ते घरी किंवा जेवणाच्या वेळी. मुसलमान शेजाऱ्याकडे मयत झाली तर तिथे वाद्य नसतं. आपण आपल्या घरातला टीव्ही बंद ठेवायचा, एवढं आपलं काम. देहदान केलेल्या, विधी नको म्हणून सांगून गेलेल्या कार्यकर्त्याच्या सभेत साने गुरुजींची प्रार्थना आणि त्यांच्या चळवळीतली गाणी घ्या, आणि शेवटी कुणी हळूच आरती सुरू करू पाहील त्याला थांबवा. गेलेल्याचा शब्द मोडायचा नसतो.

परदेशातल्या पोरांचे फोन येतात म्हणून तेही सांगते. इंग्लंड-अमेरिकेत दाहगृहात वेळ बांधून मिळते आणि गाणी आधी कळवावी लागतात. तीनच ठरवा, येताना एक, मध्ये एक, निघताना एक. मधलं स्वतः म्हणा. तिथल्या शेजाऱ्यांसाठी, सहकाऱ्यांसाठी शब्दांचा अर्थ एका कागदावर इंग्रजीत छापून ठेवा, म्हणजे तेही सोबत असतात. इथली माणसं झूमवरून जोडलेली असतील तर सगळ्यांनी एकदम म्हणायला जाऊ नका. आवाज मागेपुढे होतात आणि नुसता गलका होतो. एकानं म्हणावं, बाकीच्यांनी आपापला माईक बंद ठेवून आपापल्या घरात म्हणावं. पेटी किंवा तंबोरा असेल तर झूममधलं ओरिजिनल साउंड चालू करा, नाहीतर ते यंत्र सुरालाच गोंगाट समजून कापून टाकतं.

हे सगळं सोपं होतं, जर माणूस असताना विचारलं असेल तर. विचारायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. "तुझ्या दहाव्याला काय म्हणायचं?" असं थोडंच विचारायचं असतं? "आई, तुझी आवडती पाच भजनं सांग, मला वहीत लिहून घ्यायची आहेत," असं विचारा. सगळं सांगतील. चाल कुठली, कुणाकडून शिकली, कुठल्या वारीत पहिल्यांदा ऐकली, तेही सांगतील, आणि ती संध्याकाळ तुमच्या जन्माची होईल. लिहून घ्या, खाली तारीख टाका, त्यांना म्हणायला लावा आणि फोनवर घ्या. माझी वही देवघराच्या खालच्या खणात आहे. त्यात माझ्यासाठी दोन करुणाष्टकं, जनाबाईंचा एक अभंग आणि पसायदान लिहिलं आहे, काळी एकमध्ये. भाषण एकही नको. तुमच्या घरातल्या मोठ्यांना येत्या रविवारी विचारा.